चाकांवरील घरातील ऊब
जुन्या कॅरव्हॅनमधील वायू-तापकाचे नियमन

मोटारीच्या मागे जोडून हव्या त्या ठिकाणी नेता येणाऱ्या लहानशा घरास कॅरव्हॅन म्हणतात. निजावयास बाके, जेवावयास मेज, कोपऱ्यात शेगडी, सामानासाठी कपाटे आणि हे सर्व दोन चाकांवर, अशी तिची रचना असते. केवळ सहलीसाठी असे वाहन बांधून घेण्याची प्रथा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथील कारखान्यात बांधून घेतलेली 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी ही अशा वाहनांची आद्य प्रतिनिधी मानली जाते. १९०७ साली तेथे कॅरव्हॅनधारकांची संस्थाही स्थापन झाली. घोड्यांची जागा पुढे मोटारीने घेतली, आणि आज ब्रिटनमध्ये व युरोपातील अनेक देशांत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांच्या जुन्या कॅरव्हॅनही वापरात असलेल्या दिसतात.

उन्हाळ्यात हे घर सुखाचे असते. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात किंवा आल्प्सच्या पायथ्याशी पारा शून्याखाली उतरला म्हणजे तेच घर एका बिकट प्रश्नाचे स्थान बनते. भिंती पातळ, जागा अपुरी आणि इंधन मोजके, अशा स्थितीत आतील माणसांना रात्रभर ऊब कशी द्यावी? बहुतेक जुन्या कॅरव्हॅनमध्ये हे काम द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालणारा तापक करतो. त्याच्या बटणावर आकडे असतात. ते बटण फिरविले की उष्णता कमीजास्त होते, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः उष्णतेचे नियमन तीन निरनिराळ्या ठिकाणी होत असते : सिलिंडरमध्ये, रेग्युलेटरमध्ये आणि तापकात. यांपैकी पहिल्या ठिकाणी बिघाड झाला तर शेवटच्या ठिकाणचे बटण कितीही फिरविले तरी उपयोग होत नाही. आणि या तिन्हींखेरीज एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे हवा. तिचा मार्ग ऊब राखण्यासाठी कधीही अडवावयाचा नसतो. हे ज्यांना ठाऊक नसते, त्यांच्या जिवावर बेतू शकते.

उष्णता जाते कोठे?

प्रथम किती उष्णता लागते ते पाहू. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच अशी एक कॅरव्हॅन घेऊ. तिच्या भिंती, छत, जमीन व खिडक्या मिळून बाह्य पृष्ठभाग ४८ चौरस मीटर भरतो. जुन्या कॅरव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत प्लायवूड आणि मधल्या लाकडी चौकटीत सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा फेसाळ प्लॅस्टिकचा थर. खिडक्यांतून उष्णता याहूनही लवकर निसटते. सर्वांची सरासरी धरली, तर आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरमधून सुमारे दीड वॅट उष्णता निघून जाते, असे मानावयास हरकत नाही. याचा अर्थ, संपूर्ण वाहनातून दर अंशामागे ७२ वॅट उष्णता जाते. वायुवीजनाच्या झरोक्यांतून व फटींतून आतील हवा तासाला तीन वेळा बदलते असे धरल्यास आणखी २० वॅट त्यात मिळवावे लागतील.

बाहेर उणे २ अंश आणि आत १८ अंश सेल्सिअस असा २० अंशांचा फरक ठेवावयाचा असेल, तर ९२ गुणिले २० म्हणजे सुमारे १,८०० वॅट उष्णता अखंड पुरवावी लागेल. एक किलोग्रॅम द्रवरूप वायू जळाला म्हणजे १२·८ किलोवॅट-तास उष्णता मिळते. तापकाची कार्यक्षमता शेकडा ८० धरली, तर दर तासाला सुमारे १८० ग्रॅम वायू खर्च होईल. ७ किलोग्रॅमचा सिलिंडर या हिशेबाने ३९ तास पुरेल. थंडीच्या दिवसांत कॅरव्हॅनमधील माणूस सिलिंडरकडे इतक्या काळजीने का पाहतो, ते यावरून ध्यानी येईल.

सिलिंडरमधील थंडी

ज्याला आपण व्यवहारात नुसते 'गॅस' म्हणतो, तो मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन हायड्रोकार्बनांचा बनलेला असतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० च्या सुमारास पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा अभ्यास करून ते दाबाखाली द्रवरूपात साठविण्याची वाट दाखविली. सिलिंडरमध्ये हे पदार्थ द्रवरूपात असतात. वर साचलेला वायू आपण वापरतो, आणि जितका वापरावा तितका द्रव उकळून त्याची भरपाई करतो.

येथेच या दोन भावंडांतील भेद प्रकट होतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. ब्यूटेनचा मात्र उणे अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ पाण्याच्या गोठणबिंदूइतकाच आहे. २० अंशांच्या उन्हाळी दिवशी दोघेही जोमाने उकळतात. परंतु शून्य अंशाला प्रोपेनचा दाब वातावरणाच्या साडेचार पटींहून अधिक असतो, तर शुद्ध ब्यूटेनचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम २० मिलिबार अधिक असतो. याहून थंडी वाढली की सिलिंडर द्रवाने भरलेला असूनही त्यातून वायू बाहेर येत नाही. बाजारी ब्यूटेनमध्ये इतर घटकांची भेसळ असल्याने ही मर्यादा काही अंशांनी खाली सरकते इतकेच.

याला आणखी एका कारणाची जोड मिळते. द्रव उकळण्यास सुप्त उष्णता लागते, आणि ती तो स्वतःमधून व सिलिंडरच्या पोलादातून खेचून घेतो. तासाला १८० ग्रॅम ब्यूटेन वायुरूप होण्यास सुमारे ६८ किलोजूल उष्णता खर्च होते. बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही, तर एवढ्याने पूर्ण भरलेल्या ७ किलोग्रॅमच्या सिलिंडरचे तापमान तासाला ३ ते ४ अंशांनी उतरेल. सिलिंडर निम्मा रिकामा असेल, तर ५ ते ६ अंशांनी. प्रत्यक्षात भोवतालची हवा यातील बरीच तूट भरून काढते, परंतु ती हवाच शून्याजवळ असली म्हणजे तिच्यापाशी देण्यासारखे फारसे उरत नाही. आपल्याकडे लग्नकार्यात मोठ्या चुलीवर स्वयंपाक चालू असता सिलिंडरच्या खालच्या अंगाला ओल किंवा दंव धरलेले अनेकांनी पाहिले असेल. तो याच नियमाचा पुरावा होय.

दोन्ही वायूंचे मिश्रण असलेल्या सिलिंडरात प्रोपेन आधी उडून जातो आणि ब्यूटेन तळाशी उरतो. म्हणून संध्याकाळी उत्तम चालणारा तापक पहाटे मंदावतो, आणि सिलिंडर उचलून पाहावा तर तो जडच लागतो. यावर खरा उपाय एकच : हिवाळ्यात प्रोपेन वापरावा. ब्रिटनमध्ये ब्यूटेनचे सिलिंडर प्रायः निळ्या रंगाचे व प्रोपेनचे तांबड्या रंगाचे असतात, आणि 'थंडी पडली की निळ्याच्या जागी तांबडा' हा तेथील जाणत्यांचा परिपाठ आहे. सिलिंडरला ज्योतीने किंवा उकळत्या पाण्याने ऊब देणे, अथवा त्याला निजावयाच्या खोलीत आणून ठेवणे, हे दोन्ही मार्ग घातक आहेत.

दाबावर अंकुश

उबदार दिवशी प्रोपेनच्या सिलिंडरातील दाब तापकाला हव्या असलेल्या दाबाच्या सुमारे २०० पट असतो. हा उन्मत्त दाब वठणीवर आणण्याचे काम रेग्युलेटर करतो. त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका अंगास स्प्रिंग दाबून धरते, दुसऱ्या अंगास बाहेर जाणाऱ्या वायूचा दाब असतो. वायूचा दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली तरफ आत येणाऱ्या वायूचे छिद्र लहान करते. दाब उतरला की स्प्रिंग पडदा खाली लोटते आणि छिद्र मोठे होते. अशा रीतीने कोणाचाही हात न लागता दाब स्थिर राहतो.

जुन्या ब्रिटिश कॅरव्हॅनमध्ये ब्यूटेनसाठी २८ मिलिबारचा आणि प्रोपेनसाठी ३७ मिलिबारचा असे दोन वेगळे रेग्युलेटर वापरले जात. ब्यूटेन हा घनमानाने अधिक उष्णता देणारा असल्यामुळे त्याला थोडा कमी दाब पुरतो, आणि एकाच छिद्रातून दोन्ही वायू जवळजवळ सारखीच उष्णता देतात. २००३ च्या सुमारापासून नव्या वाहनांत दोन्ही वायूंसाठी ३० मिलिबारचा एकच रेग्युलेटर भिंतीवर पक्का बसविण्याची पद्धत आली. जर्मनीतील जुन्या वाहनांत मात्र ५० मिलिबारचा दाब प्रचलित होता. म्हणून दुसऱ्या देशातून आणलेला किंवा दुसऱ्या वाहनातून काढलेला रेग्युलेटर जोडण्यापूर्वी तापकावरील पाटी वाचणे अत्यावश्यक आहे. आपल्या स्वयंपाकघरातील रेग्युलेटरही साधारणतः ३० मिलिबारच्या दाबानेच वायू देतो, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

थंडीत रेग्युलेटरचाही एक शत्रू असतो. वायूबरोबर येणारा बाष्पाचा अंश त्याच्या सूक्ष्म छिद्रापाशी गोठू शकतो, आणि वायूतील तेलकट अंश कालांतराने त्यात साचतो. यास्तव रेग्युलेटर सिलिंडरच्या वर बसवितात आणि रबरी नळीचा उतार सिलिंडरकडे ठेवतात. असे केल्याने नळीत जमलेला द्रव परत सिलिंडरात ओघळतो.

बंदिस्त ज्योत

आता तापकाकडे वळू. चांगल्या प्रतीच्या कॅरव्हॅन-तापकात ज्योत माणसांच्या खोलीतील हवेशी संबंध ठेवीत नाही. ज्वलनासाठी लागणारी हवा वाहनाच्या तळाखालून येते. जळालेले वायू गंजरोधक पोलादाच्या लवचीक नळीवाटे छतावरील किंवा भिंतीतील धुराड्याने बाहेर जातात. मध्ये धातूची एक बंद पेटी असते. ज्योत तिच्या आत आणि खोलीतील हवा तिच्या बाहेर. पेटीच्या तापलेल्या भिंतींवरून वाहताना हवा ऊब घेते, परंतु धूर घेत नाही. या पेटीस उष्णता-विनिमयक म्हणतात.

या ज्योतीवर एक पहारेकरीही नेमलेला असतो. तापक पेटविताना त्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, याचे कारण तोच होय. दोन भिन्न धातूंचा सांधा तापविला असता विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ झेबेक यांनी १८२१ साली दाखविले. अशा सांध्यास तपयुग्म म्हणतात. त्याचे टोक ज्योतीत राहते. त्यातून मिळणारा दाब थोड्याशा मिलिव्होल्टचाच असतो, परंतु वायूची झडप उघडी धरणाऱ्या लहान विद्युतचुंबकाला तो पुरतो. वारा, बर्फ किंवा वायूची टंचाई यांमुळे ज्योत विझली, की सांधा थंड होतो, चुंबक दुबळा पडतो आणि स्प्रिंग झडप मिटून टाकते. बॅटरी नसतानाही हा पहारा चालू राहतो.

बटणावरील आकड्यांचा अर्थ

तापमानाचे नियमन स्वयंचलित यंत्रावर सोपविण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी असे साधन रचले होते. 'थर्मोस्टॅट' हा शब्द अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० साली प्रचारात आणला. कॅरव्हॅनच्या तापकात हे साधन अगदी साधे असते. जमिनीलगत एक लहानशी नळकांडी असते आणि ती केसासारख्या बारीक नळीने झडपेशी जोडलेली असते. तिच्यातील द्रव तापला की प्रसरण पावतो आणि झडप मिटत आणतो. तो निवला की झडप पुन्हा उघडते. ज्योत मोठी किंवा लहान होते ती यामुळे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की बटणावरील १ ते १० हे आकडे अंश सेल्सिअस नव्हेत. ते केवळ एक तुलनात्मक खूण होत. दुसरी ही, की यंत्र जमिनीजवळचे तापमान मोजते, तर माणूस बसतो किंवा निजतो तो वर. ऊन हवा हलकी असल्याने छताशी गोळा होते. तळ थंडगार आणि डोके तापलेले, अशी स्थिती त्यामुळे उत्पन्न होते. तापकाला जोडलेला पंखा ऊन हवा नळ्यांवाटे तळाशी पसरवितो तेव्हा हा भेद कमी होतो, आणि थर्मोस्टॅटलाही खोलीची खरी स्थिती कळते.

जुन्या कॅरव्हॅनमध्ये 'कधी भाजून निघतो, कधी गारठतो' अशी तक्रार नित्य ऐकू येते. तिचे मूळ गणितात आहे. २० घनमीटर हवेचे वजन अवघे २५ किलोग्रॅम भरते. ३ किलोवॅटचा तापक एवढी हवा सुमारे ८ सेकंदांत एक अंशाने तापवू शकतो. याउलट लाकडी सामान, गाद्या आणि भिंती यांना तापावयास बराच वेळ लागतो. तापक नुकता पेटविला असता हवा झटकन ऊन होते, थर्मोस्टॅट ज्योत लहान करतो, आणि थंड भिंती ती ऊब लागलीच शोषून घेतात. म्हणून शहाणपणाची रीत अशी : मुक्कामी पोहोचताच तापक मोठा ठेवून सामान व भिंती तापू द्याव्यात, मग बटण क्रमाक्रमाने मध्यावर आणावे, आणि रात्री तापक विझविण्याऐवजी अगदी लहान ठेवावा. दर वेळी बटण थोडेसे फिरवून निदान पाव तास वाट पाहावी. घाईने मागेपुढे फिरविणारा माणूस स्वतःच त्या हेलकाव्यांत भर घालीत असतो.

जो मार्ग अडवू नये

आता या विषयाच्या मर्माकडे येऊ. समजा, ब्यूटेनचा सिलिंडर लावलेला आहे आणि मध्यरात्री थंडी वाढली आहे. वायूचा दाब उतरतो, ज्योत क्षीण होते, तपयुग्म निवते आणि झडप बंद पडते. सर्व यंत्रे आपापले काम चोख बजावतात. गारठून जागा झालेला मनुष्य सिलिंडर बदलतो, परंतु बिघाड तापकात आहे असे समजून स्वयंपाकाची शेगडी पेटवितो, आणि वारा आत येऊ नये म्हणून झरोक्यांत कापडाचे बोळे कोंबतो. थंडीपासून वाचण्यासाठी केलेली ही कृती थंडीहून कितीतरी पटींनी भयंकर आहे.

शेगडीची ज्योत खोलीतीलच हवा घेते आणि खोलीतच धूर सोडते. एक घनमीटर प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे २४ घनमीटर हवा लागते. २ किलोवॅटची शेगडी वर घेतलेल्या कॅरव्हॅनमधील एकूण ऑक्सिजनपैकी जवळजवळ दहावा हिस्सा एका तासात संपविते. त्याच वेळी पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. ते थंड खिडक्यांवर व गाद्यांखाली साचून लाकूड कुजविते. परंतु याहून मोठा अनर्थ पुढेच आहे. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. हवेच्या दहा लाख भागांत याचे १,६०० भाग असले, तर सुमारे २० मिनिटांत डोकेदुखी व मळमळ सुरू होते आणि तासा-दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. निजलेल्या माणसाला ही पूर्वसूचनाही मिळत नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले होते. त्यांचेच पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

हा धोका परदेशातील सहलकऱ्यांपुरताच आहे असे कोणी समजू नये. मुंबईत घरगुती वापराचा द्रवरूप वायू १९५५ साली प्रथम आला. आज तो खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर, उत्तर भारतात हिवाळ्यात मिटल्या खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी यांमुळे माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशातही घडल्या आहेत. कारण तेच, आणि उपायही तोच.

कॅरव्हॅनमधील खालचे झरोके आणखी एका कामासाठी असतात. प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट जड आहे. गळलेला वायू जमिनीवर साचतो आणि तळातील भोकांवाटे बाहेर पडतो. ही भोके बुजविली तर गळतीला वाट उरत नाही. हिमवृष्टीनंतर वाहनाखाली साचलेले बर्फ आणि धुराड्यावरील बर्फ दूर करणे हे म्हणूनच रोजचे कर्तव्य समजावे.

जुन्या वाहनाची पारख

वय झालेल्या कॅरव्हॅनमध्ये प्रत्येक भागाची स्वतंत्र पाहणी करावी लागते. रबरी नळीवर तिच्या निर्मितीचे वर्ष छापलेले असते. ती चिरा पडण्यापूर्वीच बदलावी. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, काडी ओढून कधीही पाहू नये. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी व लांबट झाली तर कोळ्याच्या जाळ्याने किंवा गंजाने हवेचा मार्ग अडला आहे असे समजावे. धुराड्याच्या नळीस छिद्र पडले किंवा उष्णता-विनिमयकास चीर गेली, तर बंदिस्त ज्योतीचा सारा लाभ नष्ट होतो. असा तापक तज्ज्ञाने तपासल्याखेरीज पेटवू नये. जर्मनीत कॅरव्हॅनमधील वायुयोजनेची तपासणी दर दोन वर्षांनी करण्याची पद्धत आहे, तर ब्रिटनमध्ये ती दरवर्षी करून घेण्याची शिफारस केली जाते. याखेरीज कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा घंटायंत्राचा लहान डबा आज अल्प किमतीत मिळतो. नाकाला जे कळत नाही ते त्याला कळते.

तापक नीट चालत नसेल, तेव्हा शोध सिलिंडरपासून सुरू करावा आणि बटणापर्यंत यावे. वायू थंडीला जुमानणारा आहे का? रेग्युलेटर योग्य दाबाचा आहे का? ज्योत तपयुग्माला पुरेशी तापविते का? थर्मोस्टॅटची नळकांडी सामानाखाली दडली तर नाही ना? या क्रमाने गेल्यास बहुतेक दोष आपोआप सापडतात. ते सापडेतो जाड पांघरूण घेऊन पहाटेची वाट पाहावी, पण शेगडी पेटवू नये आणि झरोके मिटू नयेत. ऊब कमी झाली तर माणूस एक रात्र कुडकुडतो. हवा कमी झाली तर ती रात्र त्याची अखेरची ठरू शकते.